अकराशे पानं आणि एक बूट

...आणि वर मलाच विचारतो, ‘सर, दोन मिनिटं आहेत का?’ दोन मिनिटं! अहो, तोंडात घास, उजवा हात बरबटलेला, फोन डाव्या हातात, तोही घाईत उलटा धरलेला, म्हणजे बोलायची बाजू कानाला आणि ऐकायची हनुवटीला, समोर बायको बसलेली... बसलेली म्हणजे नुसती नाही, बघत बसलेली... आणि हा मला विचारतो, ‘सर, गिऱ्हाईकानं एकच बूट परत आणला तर काय करायचं?’ आता काय सांगू याला? म्हटलं, लंगडी घाल! म्हणजे मनात म्हटलं. तोंडात घास होता ना.

आता तुम्ही म्हणाल, हा बुटांच्या दुकानात आहे की काय. छे हो! मी प्रोग्रॅमर आहे. चांगला शिकलेला, चष्मा लागलेला, पाठ दुखणारा प्रोग्रॅमर. आमची कंपनी दुकानांसाठी सॉफ्टवेअर करते, आणि एका बाईंची बुटांची दुकानं आहेत, शहरभर, कुठल्याही कोपऱ्यावर वळा, यांचं एक दुकान तुमच्याकडे बघत उभं. तर त्या दुकानांतला विकलेला, परत आलेला, हरवलेला, उसवलेला एकूण एक बूट आमच्या प्रोग्रॅममधून जातो. बाईंनी स्वतःचेही प्रोग्रॅमर ठेवलेत, ते आमच्या प्रोग्रॅमला त्यांचे प्रोग्रॅम जोडतात. मग आमचा प्रोग्रॅम वापरायचा कसा, हे त्यांना कुठूनतरी कळायला नको? तर त्यासाठी असतं डॉक्युमेंटेशन. औषधाच्या खोक्यात ती बारीक अक्षरांची घडी घातलेली चिठ्ठी असते बघा, एकदा उघडली की बापजन्मात परत खोक्यात जात नाही... तेच ते. फक्त आमची चिठ्ठी अकराशे पानांची.

आणि ती लिहिली कुणी? कुणीच नाही! आपोआप तयार होते. साहेबांनी कुठूनतरी एक टूल आणलं. बटण दाबलं की ते सगळा कोड चाळतं, कोडमध्ये प्रोग्रॅमरनं जिथे जिथे तीन तिरक्या रेघा मारून स्वतःसाठी चार शब्द खरडले असतील ते उचलतं, प्रत्येक फंक्शनचं, म्हणजे कोडच्या एकेका कामाच्या तुकड्याचं, एक पान करतं आणि लावून टाकतं वेबसाइटवर. माणूस नको, वेळ नको, डोकं तर नकोच नको. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं, बटण दाबलं, पानं पडायला लागली धडाधड, साहेब खुर्चीत मागे रेलले, पोटावर हात ठेवले आणि म्हणाले, ‘झालं! सगळं लिहिलंय त्यात!’

सगळं लिहिलंय त्यात... हे वाक्य माझ्या कपाळावर गोंदून ठेवा.

कारण टूल मध्येच एक प्रश्न विचारतं, की अडचण आली तर कुणाला फोन करायचा? नंबर टाका. मी म्हटलं, ‘साहेब, इथे ऑफिसचा नंबर टाकतो.’ साहेब म्हणाले, ‘अरे, ऑफिसचा फोन उचलतं कोण? तुझाच टाक. आणि फोन करतंय कोण? सगळं लिहिलंय त्यात!’ आणि तुम्हाला सांगतो, अकराशे पानांच्या तळाशी, प्रत्येक पानावर, माझा मोबाईल नंबर. अख्ख्या डॉक्युमेंटेशनमध्ये स्वच्छ वाचता येईल अशी ती एकच गोष्ट!

मग काय विचारता. बाईंच्या प्रोग्रॅमरांमधला एक, नाव कशाला घ्या, मी त्याला ‘दोन मिनिटं’च म्हणतो, तो जो सुरू झाला... मी लिफ्टमध्ये, फोन. मी आंघोळीला, फोन. मी मुलीच्या शाळेत, वर्गाच्या बाई सांगतायत की तुमच्या मुलीचं लक्ष नसतं, फोन... बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की बरोबर, बापाच्याच वळणावर गेलीय. अहो, दातांच्या डॉक्टरकडे गेलो होतो! आ वासून आडवा पडलोय, तोंडात तीन अवजारं, एक नळी, आणि खिशात फोन थरथरतोय. डॉक्टर बिचारे सज्जन. म्हणाले, मी धरतो कानाशी. धरला. पलीकडून, ‘सर, दोन मिनिटं आहेत का? रंग बदलायचा असेल तर बूट आधी काढायचा की आधी घालायचा?’ मी म्हटलं, ‘आऽऽऽ!’ तर म्हणतो, ‘अच्छा अच्छा, कळलं सर, थँक्यू!’ काय कळलं? मला आजतागायत कळलेलं नाही!

इथवर मी सहन केलं. बायकोनं नाही केलं. त्या लंगडीच्या जेवणानंतर ही शांतपणे उठली, ताटं उचलली, हात पुसले आणि म्हणाली, ‘अहो, मला दागिना नको, सहल नको, काही नको. मला एक जेवण हवंय. एक! ज्यात तुम्ही पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत माझ्यासमोर बसाल आणि बूट येणार नाही. जमत नसेल तर सांगा, मी ताईकडे जाते जेवायला. त्यांच्याकडे भाऊजींना कुणाचे फोन येत नाहीत.’ आता साडूला फोन येत नाहीत, कारण साडूला एकदा फोन केलेला माणूस परत करत नाही, साडू हवामानापासून सुरू होतो... पण हे बायकोला सांगायची सोय आहे का? नाही. साडू या विषयावर मी घरात मौन पाळतो.

पण हिनं ते ‘एक जेवण’ म्हटलं ना, ते लागलं हो मनाला. एवढंसं मागते बाई आणि तेवढंही मला देता येऊ नये? दुसऱ्या दिवशी तडक साहेबांच्या केबिनमध्ये. म्हटलं, ‘साहेब, माझा नंबर काढा.’ तर साहेब डोकं धरून बसलेले. बूटवाल्या मॅडमनी निरोप पाठवला होता. की आमची माणसं दिवसभर तुमच्या माणसाशी फोनवर बोलत असतात, हे काय चाललंय, करार संपत आलाय, पुढचा करार हवा असेल तर मी माझा माणूस घेऊन येते, त्याला एक प्रश्न घालते, त्यानं कुणालाही फोन न करता तुमच्या पानांत उत्तर शोधून दाखवलं पाहिजे. सापडलं तर सही, नाही सापडलं तर नमस्कार.

मी म्हटलं, ‘मग साहेब? अडचण काय? सगळं लिहिलंय ना त्यात?’

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. ‘लिहिलंय रे,’ म्हणाले, ‘पण आज मी स्वतः शोधायला बसलो. मला होम पेज सापडेना.’

शेवटी सौदा ठरला. मी ते सगळं वाचण्याजोगं करायचं. दोन मिनिटंला उत्तर सापडलं तर त्याच दिवशी माझा नंबर काढायचा. आणि नाही सापडलं तर? साहेब म्हणाले, ‘तर करार गेला, आणि मग तुला तसाही फोन येणार नाही, कारण तू इथे नसशील.’ बघा, म्हणजे दोन्हीकडून शांतताच! फक्त एकीत जेवण होतं.

आता गंमत ऐका. इतके दिवस मी त्या पानांवरून शिव्या खात होतो, पण पानं उघडून बघितली होती का? नव्हती. प्रोग्रॅमर डॉक्युमेंटेशन बघत नाही हो, आचारी कुठे पंगतीत बसतो? पहिल्यांदाच बसलो. उघडलं. डावीकडे एक यादी. बाराखडीप्रमाणे लावलेली. छान, म्हटलं, शब्दकोशासारखं, सापडेल पटकन. पण आमच्याकडे प्रत्येक फंक्शनचं नाव सुरू होतं ‘गेट’पासून, फाटकातलं गेट नव्हे, ‘आणून दे’वालं! गेटबूट. गेटबूटबायसाइज. गेटबूटबायसाइजअँडकलर. गेटबूटबायसाइजअँडकलरफ्रॉमगोडाऊन. ‘ग’ सुरू झाला तो संपायलाच तयार नाही, बोट दुखलं, माझ्या चहावर साय धरली, तरी आपलं ‘ग’. त्यात ती यादीची पट्टी अशी अरुंद, की नावं मावत नाहीत, मग टूल काय करतं, नाव कापतं आणि पुढे तीन टिंबं देतं. म्हणजे स्क्रीनवर दिसतं काय? गेटबूटबाय टिंब टिंब टिंब. त्याच्याखाली गेटबूटबाय टिंब टिंब टिंब. त्याच्याखाली... ओळीनं सगळे जुळे भाऊ! कुणाला हाक मारायची? दार वाजवायचं, आतून कुणीतरी दुसराच बाहेर येणार.

बरं, आलं एखादं पान उघडून. पानावर काय? नाव, रिटर्नबूट. वर्णन, ‘बूट रिटर्न करते.’ काय घेते? ‘बूट.’ बूट म्हणजे काय? ‘बूट या प्रकारचा बूट.’ काय देते? ‘रिटर्न.’ अधिक माहितीसाठी रिटर्नपेअर पाहा. मी भोळा, गेलो रिटर्नपेअरवर. तिथे, ‘पेअर रिटर्न करते. अधिक माहितीसाठी रिटर्नबूट पाहा.’ परत इकडे, परत तिकडे! तुम्ही कधी एखाद्या कचेरीत दाखला काढायला गेलायत? तीन नंबरची खिडकी म्हणते पाचवर जा, पाच म्हणते तीनवर जा, आणि चारवाला जेवायला गेलाय? तेच! फक्त इथे चारवाला मी होतो आणि मला जेवायलाही मिळत नव्हतं!

आणि अक्षर? अहो, अक्षर म्हणजे मुंगीनं घाबरत घाबरत लिहिल्यासारखं, पांढऱ्यावर फिकट राखाडी. घरी लॅपटॉप आणून हिला दाखवलं. ही पुढे वाकली, मागे झाली, चष्मा वर केला, खाली केला, आणि म्हणाली, ‘हे वाचायला चष्मा नाही, श्रद्धा लागते.’

मग मी मीटिंग बोलावली. ही माझी चूक. मीटिंगला दोनच माणसं, एक आमची डिझायनर आणि एक आमच्यातलाच प्रोग्रॅमर, पण त्या दोघांत दहा माणसांचं काम. मी म्हटलं, अक्षर मोठं करू, काळं करू. तर डिझायनर कळवळली. ‘काळं? शुद्ध काळं? डोळ्यांवर किती आघात होतो! पानाला श्वास घेऊ द्या ना!’ मी म्हटलं, अगं, पान श्वास घेतंय, वाचणारा गुदमरतोय! तिनं आणखी मोकळी जागा सुचवली. म्हणजे एका स्क्रीनवर एकच वाक्य, बाकी सगळं आकाश. आणि सर्चचा चौकोन कुठे? तर वर कोपऱ्यात तीन आडव्या रेघा आहेत, त्या दाबल्या की एक भिंग येतं, ते भिंग दाबलं की सर्च येतो. मी विचारलं, हे माणसाला कळणार कसं? म्हणाली, ‘शोधेल की!’ शोधायची जागा शोधायची! काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वर कळसा रेघांच्या मागे लपवलेला!

आणि तो प्रोग्रॅमर. इतका वेळ गप्प होता. मला वाटलं विचार करतोय. शेवटी बोलला. म्हणाला, ‘आपण डार्क मोड देऊया.’ डार्क मोड म्हणजे पान काळं, अक्षर पांढरं. मी म्हटलं, अरे बाबा, उजेडात कुणाला वाचता येत नाहीये, ते अंधारात कशाला करतोस? तर पुढचे दोन तास चर्चा कशावर? काळं म्हणजे किती काळं. ही म्हणते कोळसा, तो म्हणतो डांबर. मी म्हटलं, चालू द्या, आणि उठलो. तुम्हाला सांगतो, ते दोघं बहुधा अजून तिथेच आहेत.

मग मी एकटाच बसलो. आणि सांगू का, मजा आली. पहिलं काम, ती बाराखडी फेकून दिली. विचार केला, दोन मिनिटं मला फोन करतो तेव्हा काय म्हणतो? ‘सर, मला ग पासून सुरू होणारं काहीतरी हवंय’ असं म्हणतो का? नाही! तो म्हणतो, बूट परत आलाय. बूट हरवलाय. बूट चावतोय. तर मग तशीच दारं केली. मोठी मोठी. ‘बूट विकायचाय.’ ‘बूट परत आलाय.’ ‘बूट सापडत नाहीये.’ आत गेलात की छोटी दारं, ‘जोडी आलीय’, ‘एकच आलाय’, ‘आलाय पण आपला नाहीये’. प्रत्येक पानावर वर एक पट्टी, की तुम्ही कुठून आलात, आत्ता कुठे आहात, मागे कसं जायचं. सर्चचा चौकोन आणला मधोमध, छातीवर. पूर्वी काही शोधलं की शेकडो पानं यायची, तीही बाराखडीनंच... आता जे कामाचं ते वर, बिनकामाचं तळाला. नावं कापायची नाहीत, मावत नसतील तर दुसऱ्या ओळीवर जाऊ देत, कुणाचं काय जातंय? अक्षर मोठं, काळं. डिझायनरला सांगितलं हा ‘अतिशय गडद राखाडी’ आहे. खूश झाली.

राहिला मजकूर. ‘बूट रिटर्न करते’ याचं करायचं काय? तेव्हा माझ्या लक्षात आलं, की पानाच्या अगदी खाली, दुमडलेल्या एका घडीत, ‘टिपा’ म्हणून काहीतरी असतं. उघडलं तर काय, प्रोग्रॅमरनं कोड लिहिताना स्वतःशी जे पुटपुटलं होतं ते! साधं, माणसासारखं! ‘सावध, इथे डावा बूट आधी मोजला जातो.’ अहो, हेच तर हवं होतं! अकराशे पानांत माणसानं लिहिलेली तेवढीच वाक्यं, आणि ती तळघरात! मी काय केलं, टूलला सांगितलं की प्रत्येक पानाची ती टीप वर आण, अगदी वर, मोठ्या अक्षरात, चौकटीत, आणि तिला मथळा दे ‘थोडक्यात’. खाली लिहिणाऱ्याचं नाव, तेही ठळक, मान मिळायला हवा ना माणसाला. आणि प्रत्येक पानाच्या शेवटी एक प्रश्न, ‘ही माहिती उपयोगी वाटली का? हो, नाही.’

बटण दाबलं. पानं बदलली धडाधड. दहाबारा वाचून बघितली. सुरेख! बाकीची? अहो, अकराशे पानं कोण वाचणार? लोकांना वाचता यावीत म्हणून केलीत की, मला कशाला वाचायला हवीत?

साहेब येऊन उभे राहिले मागे. म्हणाले, ‘वाचलंस का सगळं नीट?’ मी म्हटलं, ‘साहेब, तुम्ही?’ म्हणाले, ‘मला काय करायचंय वाचून? अर्धा कोड तर मीच लिहिलाय, सुरुवातीला, गॅरेजमध्ये बसून. सगळं लिहिलंय त्यात!’

आला तो दिवस. मीटिंग रूममध्ये भिंतीएवढा स्क्रीन. बूटवाल्या मॅडम आल्या. बारीक चणीच्या, चालताना टाचा अशा वाजतात की प्रत्येक पावलाला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं. आणि त्यांच्या मागून दोन मिनिटं. पहिल्यांदा बघितलं त्याला. तुम्हाला सांगतो, ज्याला मी इतके दिवस मनातल्या मनात धुतलं, तो माणूस इतका गरीब चेहऱ्याचा निघावा? लाजत लाजत पुढे आला, हात जोडले, म्हणाला, ‘सर, तुमचा आवाज फोनवर वेगळा येतो.’ म्हटलं, ‘तोंडात घास असतो.’

मॅडम म्हणाल्या, ‘बस. प्रश्न सोपा आहे. एकच बूट परत आला, काय करायचं? शोध.’

तो बसला. आणि पहिल्या क्षणाला, सवयीनं हो, बिचाऱ्याचा हात गेला खिशातल्या फोनकडे. इकडे माझा हात गेला माझ्या खिशाकडे, उचलायला. मॅडमनी दोघांकडे बघितलं. दोन्ही हात टेबलावर आले. मला बोलायची बंदी. अहो, काय ते हाल! स्क्रीनवर दार दिसतंय, ‘बूट परत आलाय’, एवढं मोठं, आणि हा डावीकडे बघतोय, बाराखडी शोधतोय. अरे वर बघ! वर! मी मनात ओरडतोय, मानेनं वर वर करतोय, साहेब मला चिमटा काढतायत... आणि त्याला दिसलं! ‘परत आलाय’ दाबलं. ‘एकच आलाय’ दाबलं. पान उघडलं आणि भिंतीवर ढळढळीत, ‘थोडक्यात: एकच बूट आला तर जोडी म्हणून नोंदवू नये. अर्धी जोडी म्हणून जपून ठेवावा आणि दुसऱ्याची वाट पाहावी.’ त्यानं ते मोठ्यानं वाचलं. परत वाचलं. ‘दुसऱ्याची वाट पाहावी...’ म्हणाला आणि माझ्याकडे वळला, डोळे भरलेले. ‘सर, हे इथे होतं?’

मला तर भिंतीवरचा बूट दिसेनाच हो. मला समोर ताट दिसायला लागलं. गरम. आणि पलीकडे ही.

आता इथे थांबायचं ना माणसानं? सही घ्यायची, चहा पाजायचा, दारापर्यंत सोडायचं. पण मॅडम खूश होऊन म्हणाल्या, ‘मी एक शोधू?’ आणि आमचे साहेब छाती काढून म्हणतात, ‘शोधा ना मॅडम, काहीही शोधा! सगळं लिहिलंय त्यात!’

मॅडमनी टाईप केलं, ‘तातडी.’

म्हणजे त्यांच्या स्क्रीनवर एक लाल बटण असतं, ‘तातडीचं’. एखादं काम घाईचं असेल तर दाबायचं. मॅडमचं आवडतं बटण. दिवसातून किती वेळा दाबतात देव जाणे, दोन मिनिटं म्हणतो त्याच्यावरचा रंग उडालाय. आता माझा तो नवा सर्च, कामाचं ते वर आणणारा... एका क्षणात पान हजर. भिंतभर. काळ्या ठळक अक्षरात. कोळसा नव्हे, डांबर. ‘थोडक्यात: ग्राहकाने तातडीचं बटण दाबलं की हे फंक्शन चालतं. ते तीन सेकंद थांबतं आणि मग नेहमीचंच काम नेहमीच्याच वेगाने करतं. थांबल्यामुळे आत काहीतरी मोठं चाललंय असं वाटतं. बूटवाल्या बाई खूश.’

आणि खाली, ठळक, मानानं... लिहिणाऱ्याचं नाव. साहेबांचं!

साहेबांचा चेहरा डिझायनरच्या आवडत्या फिकट राखाडी रंगाचा झालेला. त्यांना आठवत तरी असेल का? गॅरेजात बसून खरडलेली ओळ! तळघरात, घडीत, राखाडी मुंगीच्या अक्षरात ती सुखानं झोपली होती, कुणाच्या बापाला सापडली नसती, आणि मी तिला उठवून, आंघोळ घालून, मोठं करून, चौकटीत बसवून मॅडमसमोर उभी केली होती! माझं ताट उचललं गेलं. मला दिसलं, कुणीतरी उचललं.

मॅडम वाचत होत्या. ओठ हलत होते. सावकाश खाली आल्या, पानाच्या शेवटी, जिथे तो प्रश्न असतो... ‘ही माहिती उपयोगी वाटली का?’ आणि त्यांनी दाबलं, ‘हो’.

मग मागे वळल्या. ‘इतक्या वर्षांत,’ म्हणाल्या, ‘तुमच्या डॉक्युमेंटेशनमधलं मला पहिल्या झटक्यात कळलेलं हे पहिलं वाक्य.’ साहेबांनी तोंड उघडलं, मॅडमनी हात वर केला. ‘राहू द्या. मी घरी हेच करते. आमचे हे घाई करायला लागले की तीन सेकंद थांबते, आणि मग जे करत होते तेच करते. खूश असतात.’ आणि केली सही! मी उडीच मारणार होतो, पण समोर मॅडम होत्या, म्हणून बसल्या जागी टाचा उचलल्या.

त्याच दुपारी नंबर काढला. अकराशे पानांवरून, एका बटणात. तुम्हाला सांगतो, हलकं वाटलं, दाढ काढल्यासारखं. घरी आलो, पाय धुतले, बसलो. ही वाढत होती. पहिला घास घेतला... काही नाही. दुसरा घास... काही नाही. ही माझ्याकडे बघतेय, मी हिच्याकडे. किती दिवसांनी चव कळली हो! मी म्हटलं, ‘मीठ बरोबर पडलंय.’ तर ही म्हणाली, ‘मीठ रोजच बरोबर पडतं, तुम्ही आज हजर आहात.’ आणि हसली. अशी हसली की मला वाटलं, आपण काहीतरी मोठं काम केलंय आयुष्यात. अगदी शेवटचा घास हातात होता. तोंडाजवळ नेला होता. आणि...

फोन!

दोन मिनिटं? नाही हो, तो आता फोन करत नाही, गुणी आहे, वाचतो. साहेब! साहेबांचा फोन! ‘अरे,’ म्हणतात, ‘मॅडम गेल्यापासून मला चैन कुठली पडतेय? म्हटलं, आपण आणखी काय काय लिहून ठेवलंय ते बघायला हवं. बसलोय वाचायला, पहिल्या पानापासून. काय सुंदर वाचता येतंय रे आता! दिवसा ऑफिसात वेळ मिळणार नाही, म्हणून रोज जेवणाच्या वेळी वाचायचं ठरवलंय. हे सांग, पान तीनवर मी लिहिलंय, हे का चालतं मला माहीत नाही, हात लावू नका. ...का चालतं रे ते?’

ही उठली. ताट उचललं. सरळ चप्पल घातली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. पूर्वी लोकांना वाचता येत नव्हतं म्हणून मला फोन यायचे, आता साहेबांना वाचता येतंय म्हणून येतात, आणि ते साहेब, त्यांचा नंबर मी कुठल्या पानावरून काढू? अकराशे पानं, रोज रात्री चार चार, वर त्यांना मध्येच जुनं काही आठवलं की मागे जातात, कारण मागे कसं जायचं ती पट्टीही मीच दिलीय ना वर! म्हणून तुम्हाला हात जोडून सांगतो, लिहायचं तर खुशाल लिहा, पण कुणाला वाचता येईल असं... थांबा. एक मिनिट हं. आलाच.

हं, साहेब. नाही नाही, जेवत नाहीये, ही ताईकडे गेलीय. बोला, कितव्या पानावर आहात?